उलटा पावसाळा आणि अंगणातले कंद

दसरा उलटला, की पुणे-नाशिककडच्या बागवेड्या घरांतून एकच लगबग सुरू होते. पावसाने आवरते घेतलेले असते, जमिनीत ओल टिकून असते, ऑक्टोबरचा उकाडाही हळूहळू ओसरू लागतो. गुलाबाची छाटणी होते. कुंड्यांतली माती उकरून गच्चीवर पसरली जाते, तिच्यात शेणखत मिसळले जाते आणि मग ग्लॅडिओलसचे गड्डे, डेलियाचे कंद, लिलीचे कांदे एकेक करून मातीत जाऊ लागतात. दिवाळीच्या फराळाइतकेच हे वेळापत्रक ठरलेले. आईने असेच केले, आजीनेही असेच केले.

हेच कुटुंब नोकरीनिमित्त चेन्नईच्या अंबत्तूरला राहायला आले आहे, असे समजा. सामानाच्या ट्रकमध्ये कपाट-पलंगाबरोबर एक गोणपाटाची पिशवीही आली आहे. तिच्यात माहेरच्या अंगणातले निशिगंधाचे आणि लिलीचे कंद आहेत. नव्या घराच्या मागे चार हात मोकळी जागा आहे किंवा वर गच्ची आहे. दसरा होतो, सवयीप्रमाणे माती तयार होते, कंद लावले जातात. आणि पंधरा दिवसांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू होतो. आज थांबेल, उद्या थांबेल म्हणता म्हणता डिसेंबर उजाडतो. कोंब का येत नाही म्हणून माती उकरून पाहावी, तर हाताला लागतो तो मऊ, काळपट, कुबट वासाचा लगदा.

कंदांची किंमत तशी फार नसते. पण माहेरच्या अंगणातले कंद पुन्हा कुठल्या दुकानातून आणायचे? महाराष्ट्रातून इकडे आलेल्या बागवेड्या गृहिणीचे पहिल्या वर्षीचे हे दुःख ठरलेलेच म्हणा ना. चूक तिच्या हाताची नसते, चूक कॅलेंडरची असते.

पाऊस येतो तो परतीच्या वाटेवर

महाराष्ट्रात पाऊस जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येतो आणि सप्टेंबरअखेर निरोप घेतो. चेन्नईला मात्र या पावसाच्या वाट्याचे थोडेच मिळते, जुलै ते सप्टेंबर या काळात संध्याकाळी गडगडून येणाऱ्या सरी एवढेच. तिथला खरा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. साधारणपणे २० ऑक्टोबरच्या आसपास तो सुरू होतो आणि डिसेंबर संपेपर्यंत ठाण मांडून बसतो. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक या तीनच महिन्यांत कोसळतो. तोही रोज थोडाथोडा, शिस्तीत नव्हे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की दोन दिवसांत महिन्याभराचा पाऊस पदरात टाकून मोकळा होतो.

पुण्यात कंद ज्या काळात कोरड्या, थंड हवेत सुखाने रुजतो, नेमका त्याच काळात अंबत्तूरचा कंद पाण्यात बुडालेला असतो. आपल्याकडचा शरद म्हणजे निरभ्र आभाळ आणि चांदणे. अंबत्तूरचा शरद म्हणजे छत्री, चिखल आणि वाळत न घातलेले कपडे!

कंद कुजतो कसा, हे एकदा समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. कंद म्हणजे झाडाने अडचणीच्या दिवसांसाठी भरून ठेवलेली शिदोरी. पाने वाळतात, मुळे आखडतात आणि झाड त्या गाठीच्या पोटात झोपी जाते. झोपलेला कंद पाणी ओढत नाही. पाने नसल्यामुळे बाष्पही बाहेर टाकत नाही. अशा वेळी भोवतालची माती पाण्याने गच्च भरली, की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, कंदाचा श्वास कोंडतो आणि मातीतल्या बुरशीला आयते भक्ष्य मिळते. तोच कंद जागा असेल, त्याला मुळे-पाने फुटलेली असतील, तर तो पावसाचा बराच मारा सोसतो. अंबत्तूरच्या बागेचे सारे गणित या एका फरकावर उभे आहे. पावसात शिरताना कंद एक तर पूर्ण वाढीला लागलेला हवा, नाही तर जमिनीच्या बाहेर, कोरड्या टोपलीत हवा. मधली अवस्था घातक.

तळ्यांच्या गावातली बाग

अंबत्तूरचे नाव घेतले की कारखाने आठवतात. सायकलींचा कारखाना इथला जुना, १९६४ पासून इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि लघुउद्योगांची देशातली एक मोठी वसाहत म्हणून ती ओळखली जाऊ लागली. देशभरातून कामगार आले, तंत्रज्ञ आले, त्यांत मराठी माणसेही आली. आता त्याच वसाहतीत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतीही दिसतात. २०११ साली अंबत्तूरची नगरपालिका चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली. अंगण असलेली बैठी घरे कमी होत चालली आणि त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. त्यामुळे इथली बाग आता बरीचशी गच्चीवर आणि गॅलरीत गेली आहे. एका अर्थी ते बरेच झाले. का, ते पुढे येईलच.

पण कारखान्यांच्या आधी अंबत्तूर हे तळ्यांचे गाव होते. अंबत्तूर, कोरट्टूर, रेट्टेरी अशी ही तळी एकमेकांना जोडलेली. तामिळमध्ये तळ्याला ‘एरी’ म्हणतात. वरचे तळे भरले की पाणी खालच्या तळ्यात जायचे, अशी जुन्या लोकांची योजना. मधल्या वाटांवर घरे झाली तरी पाण्याने आपली वाट सोडलेली नाही. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चेन्नईत जो महापूर आला, त्यात शहराच्या इतर अनेक भागांप्रमाणे अंबत्तूर-कोरट्टूरच्या सखल वस्त्यांतही पाणी शिरले. घरातली माणसे आणि सामान वाचवताना बागेकडे कोण बघणार? पाणी ओसरल्यावर मात्र वाफ्यांवर गाळाचा थर आणि खाली कुजलेली मुळे एवढेच बऱ्याच घरांत उरले.

त्यातून इथली माती पुष्कळ ठिकाणी चिकण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती पाणी धरून बसते. अशा जमिनीत खड्डा करून कंद लावणे म्हणजे त्याला वाटीत बुडवून ठेवणे. म्हणून जमिनीत लावायचेच असेल, तर वीतभर उंचीचा गादीवाफा हवा. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा. हा भुसा, म्हणजे ‘कोकोपीट’, तामिळनाडूत मुबलक मिळतो, कारण पोल्लाची हे काथ्याच्या धंद्याचे मोठे केंद्र याच राज्यातले. मात्र भुसा पाणी धरून ठेवतो. कुणीतरी सांगितले म्हणून अर्धी कुंडी त्यानेच भरली, तर कंदासाठी पुन्हा तेच संकट. वाळूत कंजुषी नको आणि भुशात उदारपणा नको.

निंबोळी पेंड मात्र मूठभर जरूर घालावी. दुकानात ‘वेप्पम् पुण्णाक्कु’ म्हणून मागितली की मिळते. ‘वेंबु’ म्हणजे कडुलिंब आणि ‘पुण्णाक्कु’ म्हणजे पेंड. नवख्या मराठी गृहिणीने तामिळ शिकायला सुरुवात करावी तर ती खताच्या दुकानापासून, कारण तिथे चूक झाली तरी कुणी हसत नाही.

चाफा मागितला, निशिगंध मिळाला

फुलांच्या नावांची गंमत याहून मोठी. फुलवालीकडे, म्हणजे ‘पूक्कारम्मा’कडे, ‘संपंगी’ मागितली की ती निशिगंधाची फुले देते. कर्नाटकातून आलेल्या माणसाला ‘संपिगे’ म्हणजे सोनचाफा ठाऊक असतो, मराठी माणसालाही ‘चंपा’ ऐकून चाफाच आठवतो. तामिळमध्ये सोनचाफा म्हणजे ‘शेण्बगम’ आणि संपंगी म्हणजे निशिगंध. आपली अबोली तिथे ‘कनकांबरम्’ होते. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून तंजावरकडे मराठी बोलणारी घरे आहेत. या दोन भाषांत फुलांची देवाणघेवाण तेव्हापासून चालू असावी, पण संपंगीचा घोळ अजून मिटलेला नाही.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. पण आज दक्षिणेतल्या देवळांतले हार त्याच्याशिवाय पुरे होत नाहीत. लग्नाच्या जाडजूड हारांत तर हीच फुले ओवलेली असतात. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने ‘शृंगार’, ‘प्रज्वल’ यांसारखे वाण काढले, ते महाराष्ट्रातही लागले आणि तामिळनाडूतही. त्यामुळे कंद तोच, फूल तेच. बदलते ती फक्त लावण्याची वेळ.

महाराष्ट्रात निशिगंध उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर लावतात. तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस जून-जुलैची आहे. तामिळ शेतकऱ्यांत तर ‘आडी’ महिना शोधून पेरणी कर, अशा अर्थाची म्हणच आहे. आडी म्हणजे साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. या काळात अधूनमधून सरी येतात, कडक उन्हाळा सरलेला असतो आणि मुख्य पावसाला तीन महिने अवकाश असतो. तेवढ्यात कंदाला मुळे धरतात, पाने येतात आणि ऐप्पसीचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आला तरी झाड तग धरते. शेजारच्या एखाद्या पाट्टीला, म्हणजे आजीबाईंना, विचारले तर त्या विद्यापीठाचे नाव न घेता हेच सांगतील.

लावताना सुपारीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, टणक कंद निवडावेत. नुकताच काढलेला कंद लगेच लावू नये, महिनाभर सावलीत वाळू द्यावा. दोन इंच खोल आणि वीतभर अंतरावर लावावा, टोक वर ठेवावे. फुलाच्या दांडीसाठी साधारण ऐंशी ते शंभर दिवस वाट पाहावी लागते. तेवढा धीर नसेल त्यांनी तयार छड्या विकत आणाव्यात. त्यात कमीपणा नाही.

ट्यूलिपचा मोह

आता एका मोहाविषयी. रंगीत पाकिटांतून ट्यूलिपचे कंद हल्ली घरपोच मिळतात. पाकिटावर हॉलंडच्या शेतांचे चित्र असते. चेन्नईच्या गच्चीवर आपणही लाल-पिवळ्या ट्यूलिपची रांग फुलवू, असे कुणाला वाटले तर नवल नाही. १६३७ साली हॉलंडमध्ये याच कंदांच्या सट्ट्याचा फुगा फुटला होता, तेव्हा मोह काही नवा नाही.

पण ट्यूलिपला बारा ते सोळा आठवडे थंडी लागते आणि तीही साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खालची. त्या थंडीत कंदाच्या आत फुलाची दांडी वाढायला तयार होते. थंडी मिळाली नाही तर पाने येतात, फूल येत नाही, किंवा आले तर मातीलगतच कोमेजते. चेन्नईतल्या कडाक्याच्या थंडीत पहाटे एखादा स्वेटर निघतो, तो बहुधा हौसेने. शंभरांहून अधिक वर्षांच्या नोंदींतला नीचांकही १३-१४ अंशांच्या आसपासचा. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग सुरू झाली, ती तिथे शोभते, कारण हिवाळाभर तिथली जमीन गारठलेली असते. दिल्लीत फेब्रुवारीत रस्त्याकडेला ट्यूलिप दिसतात, पण ते कंद आधी थंडी देऊन आणलेले असतात आणि बहुतेकांचा एकाच बहरात कारभार आटोपतो.

फ्रिजमध्ये कंद तीन महिने ठेवून पाहणारे हौशी लोकही आहेत. त्यांनी कंद फळांपासून दूर ठेवावेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. एवढे करून फूल आलेच, तर चेन्नईच्या हवेत ते फार दिवस टिकणार नाही. ज्यांना प्रयोगाची हौस आहे त्यांनी खुशाल करावा, बाकीच्यांनी ते पैसे वाचवावेत. उटीहून आणलेल्या डेलियाच्या कंदांचेही असेच. उटीची सरकारी बाग १८४८ पासूनची, मेमधले तिथले पुष्पप्रदर्शन पाहून हात शिवशिवतात. पण उटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे आणि अंबत्तूर जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. ग्लॅडिओलस मात्र डिसेंबरअखेर पाऊस ओसरल्यावर लावला, तर उन्हाच्या आधी एक बहर देऊन जातो.

जे इथलेच होऊन राहतात

दुसऱ्याच्या हवेतली फुले ओढून आणण्यापेक्षा या हवेत रमणारे कंद कमी नाहीत.

पहिला मान पावसाळी लिलीचा. हिला कुणी रेन लिली म्हणतात. बारीक कांद्यासारखा कंद, गवतासारखी पाने. आठ-दहा दिवस कोरडे गेल्यावर एक चांगली सर आली, की तीन-चार दिवसांत कुंडीभर पांढरी किंवा गुलाबी फुले येतात. फूल दोन दिवसच टिकते, पण पुढच्या सरीला पुन्हा हजर. चेन्नईच्या लहरी पावसाला शोभेल असेच हे झाड. अमेरिका खंडातून आले आहे असे सांगूनही कुणाला खरे वाटू नये.

मोठ्या कर्ण्यासारख्या लाल-केशरी फुलांची जी लिली आपण ॲमरिलिस म्हणून ओळखतो, तिचा बहर मार्च-एप्रिलचा. महाराष्ट्रात तिला हिवाळ्यात आपोआप विश्रांती मिळते. अंबत्तूरला त्या वेळी पाऊस असतो. म्हणून ही लिली कुंडीतच लावावी आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कुंडी पत्र्याखाली, गॅलरीत किंवा जिन्याखालच्या उजेडात सरकवावी. पोंगल झाला की बाहेर काढावी, वरची माती बदलावी, पाणी सुरू करावे. कंदाची मान मातीच्या वर राहिली पाहिजे. पुष्कळजणी तो कांदा पूर्ण पुरतात आणि मग फूल येत नाही म्हणून खताला दोष देतात.

कर्दळ आणि पांढरी स्पायडर लिली यांना मात्र पाण्याचे भय नाही. जिथे सांडपाण्याने किंवा पावसाने सतत ओल राहते, त्या कोपऱ्यात त्याच लावाव्यात. हळद आणि आले हेही कंदच. आडीच्या आधी लावलेली हळद पोंगलला पानांसकट काढतात, कारण त्या दिवशी पोंगलच्या मडक्याच्या गळ्यात हळदीचे ओले झाड बांधण्याची चाल आहे. घरच्या कुंडीतली हळद मडक्याला बांधली, तर शेजारणी कौतुक केल्याशिवाय राहत नाहीत.

आणि मग येते कळलावी. तामिळनाडूचे हे राज्यफूल, तामिळ नाव ‘सेंगांदळ’. आपल्या कोकणात, सह्याद्रीत कुंपणावर चढलेली ही वेल अनेकांनी पाहिली असेल. पाकळ्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाकडे लाल होत जाणाऱ्या, जणू पेटती ज्योत. म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. संघमकाळातल्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात ९९ फुलांची नावे आहेत, त्यांत कांदळ पहिले आहे. कार्तिकात फुलते म्हणून लोक तिला कार्तिगै फूलही म्हणतात. नेमक्या भर पावसात, जेव्हा बाकीची बाग मान टाकून असते, तेव्हा ती फुलते. पश्चिमेकडच्या दिंडुक्कल, करूर भागांत तिची शेती होते, कारण तिच्या बियांतून निघणारे कोल्चिसिन गाऊटसारख्या सांधेदुखीवरच्या औषधात लागते.

पण तेच कोल्चिसिन तीव्र विष आहे आणि सर्वांत जास्त धोका कंदाचा. हा कंद दिसायला रताळ्यासारखा किंवा सुरळीसारखा असतो. पोटात गेला तर आधी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि नंतर एकेक अवयव निकामी होत जातो. यावर सहज मिळणारा उतारा नाही, तेव्हा घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठणे हाच मार्ग. लिलीचे कांदे आणि निशिगंधाचे कंदही भाजीच्या कांद्यासारखेच दिसतात आणि लिलीचा कांदाही विषारीच. वाळवलेले कंद स्वयंपाकघरातल्या कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत. कागदी पिशवीत घालून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, माळ्यावर ठेवावेत. ते नाव घरातल्या कामवाल्या बाईंना वाचता येईल अशा तामिळ अक्षरांतही लिहावे. घरात रांगते मूल असेल तर कळलावीची हौस चार वर्षे पुढे ढकलावी. फूल कुठे पळून जात नाही.

ऑक्टोबरात करायचे काय?

लावायचे नाही, तर मग या दिवसांत बागेत करायचे तरी काय? काम लागवडीपेक्षा अधिकच असते.

पहिले काम गच्चीचे. पावसाचे पाणी जाण्याची भोके आणि पन्हळी पालापाचोळ्याने तुंबलेल्या असतात, त्या मोकळ्या कराव्यात. गच्चीवर पाणी साचले तर खालच्या छताला ओल येते आणि मग बागेवरून घरात वाद होतो, शेजाऱ्यांशी होतो तो वेगळाच. तामिळनाडूत २००३ साली प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. अंगणातला तो खड्डा बागेच्या मातीने बुजवला असेल तर तो आत्ताच उपसावा.

प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, तळाचे भोक काडी घालून मोकळे करावे. कुंडीखालच्या बशा काढून टाकाव्यात. बशीतले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचे आवडते घर, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. महापालिकेची माणसे या दिवसांत घरोघर तपासणीला येतात, ती उगाच नव्हे.

गच्चीच्या कठड्यावर हारीने मांडलेल्या कुंड्या सुंदर दिसतात. पण १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ वादळ चेन्नईवर आले तेव्हा शहरातली हजारो झाडे उन्मळून पडली होती. त्या वाऱ्यात कठड्यावरची कुंडी खाली कुणाच्या डोक्यात पडेल, हे सांगता येत नाही. ऑक्टोबर लागला की कठडा रिकामा झालाच पाहिजे, इथे हौसेला सवलत नाही. शेवग्याच्या ठिसूळ फांद्याही वेळीच छाटाव्यात. शेंगांचा मोह बाजूला ठेवावा.

मुसळधार पावसात खत घालणे म्हणजे ते गटारात ओतणे. ते काम जानेवारीवर सोडावे. कळलावी आणि लिलीच्या पानांवर या काळात काळ्या रंगाच्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या दिसतात. दोन रात्रींत त्या पाने फस्त करतात आणि कंदाकडे वळतात. औषध फवारावे तर पाऊस धुऊन नेतो. सकाळी चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हाच उपाय. गोगलगायीही अशाच, पण त्या दिवे लागल्यावर वेचाव्यात आणि हातमोजे घालून.

जास्वंद, मोगरा, क्रोटन यांच्या फांद्या लावायला मात्र हा काळ उत्तम. हवा दमट, ऊन मंद, पाणी घालण्याची कटकट नाही. कंद लावता येत नाहीत म्हणून हात स्वस्थ बसत नसतील त्यांनी ते इथे वापरावेत.

वाफ्यात पाणी साचलेच, तर दोन-तीन दिवस वाट पाहत बसू नये. कंद उपटून काढावेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत. दाबून पाहावेत. जो टणक आहे तो ठेवावा, ज्याचा थोडा भाग मऊ आहे तो कापून टाकून जखमेवर लाकडाची राख किंवा बुरशीनाशक लावावे, जो पूर्ण मऊ आहे त्याची माया करू नये. मग वर्तमानपत्रावर पसरून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावेत. पुराच्या पाण्यात गटाराचे आणि उंदरांच्या मुताचे पाणी मिसळलेले असते, लेप्टोस्पायरोसिस त्यातूनच होतो. म्हणून हे काम अनवाणी आणि उघड्या हाताने करू नये.

गच्चीवरची बाग बरी, असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी. तिथे पूर येत नाही आणि कुंडी हलवता येते.

कोरड्या दिवसांतला सोबती

एवढी यातायात करून कंदच का लावायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर २०१९ च्या उन्हाळ्याने दिले. त्या जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे जलाशय कोरडे पडले. टँकरमागे रांगा लागल्या, प्यायला पाणी पुरेना, तिथे झाडांना कुठून घालणार? गॅलरीतली नाजूक झाडे गेली. पण कंदांना पाणी लागत नव्हते. पावसाळी लिलीच्या कुंडीत वाळलेल्या गवतापलीकडे काही दिसत नव्हते, तरी खाली कांदे टणक होते, सरी येताच ते उठून बसले. ज्या गावात तीन महिने बुडवणारा पाऊस आणि चार महिने जाळणारे ऊन, तिथे पाणी नसताना झोपून राहणारे झाड कामाचे. फक्त त्याच्या झोपेच्या वेळी त्याचे अंथरूण भिजू द्यायचे नाही.

म्हणून गोणपाटाची ती पिशवी दसऱ्याला उघडू नये. कंद जाळीच्या टोपलीत, कोरड्या वाळूत, हवेशीर जागी ठेवून द्यावेत. दर पंधरा दिवसांनी एकदा चाचपून पाहावेत, एखादा मऊ झाला असेल तर बाजूला काढावा. पोंगलनंतर लिलीचे कांदे कुंडीत जातील. निशिगंधाला जूनअखेरपर्यंत थांबावे लागेल. फार दिवस झाले, तो वाळून गेला असेल, असे मनात येते, पण दाबून पाहिला तर बहुतेक कंद घट्टच असतात.

जूनअखेर किंवा जुलैत गादीवाफ्यावर लावलेल्या या कंदांची पहिली छडी नवरात्राच्या सुमारास वर येते. त्या नऊ दिवसांत तामिळ घरांतून पायऱ्या-पायऱ्यांची ‘कोलु’ मांडलेली असते, तिच्यावर बाहुल्या असतात, आणि शेजारणी एकमेकींकडे हळदीकुंकवाला, उकडलेल्या चण्यांच्या ‘सुंडल’ला जातात. मराठी घरात घट बसलेला असतो. माहेरच्या कंदाच्या दोन छड्या आल्या असतील, तर एक घटाशी ठेवता येते आणि दुसरी शेजारच्या पाट्टींच्या कोलुवर.